गेटबाहेर न गेलेली वीज

मी चार दिवस बोरिवलीला राहून आलो. सुट्टीत कुठे गेला होतास, असं ऑफिसात विचारतात, आणि बोरिवली म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही. मुलुंडचा माणूस सुट्टीत गणपतीपुळ्याला जातो, महाबळेश्वरला जातो, हल्ली व्हिएतनामलाही जातो. बोरिवलीला तो बारशाला नाहीतर मयताला जातो आणि त्याच दिवशी परततो. मुलुंड आणि बोरिवली यांच्यामध्ये एक अख्खं जंगल आहे, त्यात बिबटे राहतात, म्हणून सरळ रस्ता नाही. पवईवरून वळसा घालावा लागतो. त्या वळशाचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी तो रस्ता पाहिलाय त्यांना ते नको असेल, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांचं सुख मला मोडायचं नाही.

गेलो कशासाठी, ते आधी सांगतो. माझ्याकडे विजेवर चालणारी मोटार आहे. ती घेतली तेव्हा मी घरात, ऑफिसात आणि नातेवाइकांत धुराबद्दल पुष्कळ बोललो. मग एका संध्याकाळी गाडी चार्जिंगला लावून वर आलो, एसी सुरू केला आणि मनात आलं, की याच घटकेला अख्खी मुंबई घरी येऊन एसी सुरू करतेय. कुठेतरी दूर कोळशाच्या भट्ट्या वाढवाव्या लागत असणार, आणि त्या आगीत आता माझ्या गाडीचाही वाटा आहे. मला अशा गोष्टी झोपू देत नाहीत. बायको म्हणते, "अवि, तुला सुखाने घामसुद्धा पुसता येत नाही." खरं आहे. देवनारवरून जाताना कचऱ्याचा डोंगर दिसला की त्यातली माझी पिशवी कुठली असेल, हे मी शोधत असतो.

तेवढ्यात वीज कंपनीने एक प्रयोग काढला. गाडी दुपारी भरायची, विजेची ओढ कमी असते तेव्हा. संध्याकाळी सात ते दहा, सगळं शहर एकदम वीज ओढतं तेव्हा, बॅटरीतली थोडी वीज एका खास चार्जरमधून परत तारांत सोडायची. अशा गाड्या पुष्कळ झाल्या की कोळशाची एखादी भट्टी पेटवावीच लागणार नाही. मला हे इतकं पटलं, की मी त्याच दिवशी नाव दिलं. आमच्या मुलुंडच्या सोसायटीने परवानगी नाकारली. कारण दिलं नाही. आमच्या कमिटीत कारण देण्याची पद्धत नाही.

माझी थोरली बहीण सुनंदाताई बोरिवलीला राहते आणि तिच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. मी तिला महिनाभर फोनवर पिडलं. शेवटी कंपनीने तिच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये चार्जर बसवला. पण त्या बिल्डिंगमध्ये वीज परत देणारी गाडी एकाकडेही नव्हती.

"डबा बसलाय भिंतीवर," ताई फोनवर म्हणाली. "शनिवारी कंपनीचा माणूस येणार, रविवारी सोसायटीची मीटिंग. आता तुझी ती पुण्यवान गाडी घेऊन ये, आणि दाखव सगळ्यांना."

गुरुवार: बोरिवली

दसरा नुकताच होऊन गेला होता आणि दिवाळी तोंडावर होती. पाऊस संपलेला, थंडी आलेली नाही, आणि मधल्या त्या दिवसांत मुंबई जशी उकडते तशी उकडत होती. बोरिवलीत शिरल्यावर जंगलाकडून एक गार झुळूक येते अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. ताईच्या बिल्डिंगला पूर्वी ती झुळूक लागत असे. आता समोर जुन्या बिल्डिंगच्या जागी टॉवर उभा राहिलाय आणि झुळूक त्यांच्याकडे थांबते. या टॉवरविषयी मला चार दिवसांत इतकं ऐकावं लागलं, की मी तो बांधल्यासारखा खजील झालो.

पार्किंगमधल्या चार्जरला झेंडूची माळ होती, सुकलेली, आणि वर हळदकुंकवाचं बोट. दसऱ्याला कुणीतरी त्याचीही पूजा केली होती. मला भरून आलं. मी गाडी त्याच्यासमोर लावली आणि वर जाऊन पाणी पितोय, तोच खालून वॉचमनचा फोन आला.

खाली सोसायटीचे चेअरमन देवधर उभे होते. बँकेतून निवृत्त झालेले, अर्धी चड्डी, हातात किल्ल्यांचा जुडगा.

"पाहुण्यांची गाडी रात्री नऊनंतर आत ठेवता येत नाही."

"अहो देवधर, ही पाहुण्यांची नाही, प्रयोगाची गाडी आहे," ताई म्हणाली.

"प्रयोगाच्या गाडीचा नियम नाहीये. पाहुण्यांचा आहे. त्यावर सही तुमचीच आहे, ताई."

सही तिचीच होती. त्यामुळे ज्या चार्जरसाठी मी अख्ख्या मुंबईला वळसा घालून आलो, त्याच्यासमोरची जागा रात्रभर रिकामी राहिली आणि माझी गाडी रस्त्यावर कावळ्यांच्या झाडाखाली. सकाळी तिचा रंग सांगता आला नसता. मुलुंडला आम्ही असे नियम करतो, पण पाळत नाही. इथे पाळतात, हा या दोन उपनगरांतला मला दिसलेला पहिला फरक.

जेवायला ताई वालाचं बिरडं करणार होती. आमच्याकडे आता मोड आलेले, सोललेले वाल पिशवीतून येतात. ताई अजून स्वतः सोलते, परातीत पाणी घेऊन, एकेक दाणा बोटांतून सटकवत. तसं करता करताच तिने मला खरी गोष्ट सांगितली.

"तुझी भट्टी वगैरे ठीक आहे रे. पण मी हा डबा बसवून घेतला तो तुझ्यासाठी नाही. तळमजल्यावरच्या इंगळ्यांच्या प्रज्ञासाठी."

प्रज्ञा इंगळे शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. व्हॅन विजेवर चालणारी, कर्ज काढून घेतलेली. तिने स्वतःच्या मीटरवरून पार्किंगमध्ये चार्जिंगची वायर ओढायची परवानगी मागितली, तर कमिटीने आग लागेल म्हणून ती दिली नाही. त्यामुळे ती रोज मधल्या वेळात कांदिवलीच्या एका मॉलमध्ये जाऊन रांग लावते. रांग लांबली की दुपारची शाळा सुटायला आली तरी ती कांदिवलीतच. दोनदा मुलं फाटकात उभी राहिली. शाळेने सांगितलंय, दिवाळीनंतर पुन्हा असं झालं तर हा रूट दुसऱ्याला.

"या डब्याला दोन केबल आहेत. एक तुझी दोन्हीकडची, एक साधी. साधीवर तिची व्हॅन भरेल. देवधर म्हणतात, प्रयोग होईपर्यंत कुणी वापरायचा नाही. तो नीट झाला तर डबा ठेवू, नाहीतर रविवारी ठराव करून कंपनीला काढून न्यायला सांगू." ताईने वालाचं साल परातीबाहेर टाकलं. "तेव्हा शनिवारी काही घोळ घालू नकोस."

मी घोळ घालणार नाही असं तिला सांगितलं.

शुक्रवार: कांदिवली आणि परत

सकाळची मुलं शाळेत सोडून प्रज्ञा आली आणि मी तिच्या व्हॅनमध्ये पुढे बसलो. मला कांदिवलीची रांग पाहायची होती. मुलं नसली तरी व्हॅनमध्ये त्यांचा वास होता: खोडरबर, टोमॅटो सॉस, आणि कुणाच्या तरी बुटातला ओलावा.

मॉलच्या तळघरात दोन चार्जर होते. एकाला पिवळी पट्टी गुंडाळलेली, म्हणजे बंद. दुसऱ्यावर एक टॅक्सी. आणि बाकीच्या गाड्या कुठेच नव्हत्या. होत्या त्या बाटल्या. चार्जरच्या बाजूला भिंतीला लागून पाण्याच्या रिकाम्या बाटल्या ओळीने ठेवलेल्या. ड्रायव्हर सकाळी आपली बाटली लावून भाडं मारायला जातात आणि नंबर आला की येतात. चाळीत नळावर हंडे लावायचे तसंच. पाण्याचे नळ घरात आले पण रांग लावायची आमची कला वाया गेली नाही. मी कौतुकाने बघत होतो. प्रज्ञा बघत नव्हती. ती आपली गुलाबी बाटली शोधत होती.

"ही माझी तिसरी होती. पाचवी कशी झाली?"

टॅक्सीवाला सीट मागे टाकून पडला होता. "मॅडम, वाऱ्याने सरकली असेल."

"तळघरात कुठला रे वारा? दोघांना ओलांडून सरळ रेषेत सरकली?"

"मग मॅडम, वजन टाका ना बाटलीत."

प्रज्ञाने बाटली उचलून तिसऱ्या जागी ठेवली आणि शेजारी स्वतः उभी राहिली. मी मध्ये पडून म्हणालो, की आपण सगळ्यांनी मिळून मॉलकडे दुसरा चार्जर दुरुस्त करण्याची मागणी केली पाहिजे. दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं, की मी पिवळी पट्टी वाचायला गेलो.

आम्ही दीड-दोन तास थांबलो. तिने डबा उघडला; ज्वारीची भाकरी आणि जवसाची चटणी. ते मूळचे वाशीमकडचे. चटणी बोटाने उचलून तिने माझ्या भाकरीवर थापली. आमच्या घरी जवस हल्ली कोलेस्टेरॉलसाठी चमच्याने गिळतात, त्याला चव असते हे मी विसरलो होतो. खाता खाता मी तिला प्रयोग समजावला. कोळसा, संध्याकाळची ओढ, सगळं.

"म्हणजे दादा, तुम्ही गाडी भरणार, आणि मग रिकामी करणार?"

"थोडीशी. हो."

"मुद्दाम?"

"शहरासाठी."

तिने पाण्याचा घोट घेतला. "माझी भरत नाही म्हणून मी इथे बसलेय. आणि तुम्ही भरलेली रिकामी करायला मुलुंडहून आलात."

मी म्हणालो, की मोठ्या प्रमाणावर पाहिलं तर तिचाही यात फायदा आहे. ती म्हणाली, "मोठ्या प्रमाणावर मग पाहू. मला दुपारी एकच्या आत बाहेर पडायला लागतं. बघा ना तो गेला का?" टॅक्सीवाला गेला नव्हता. झोपला होता.

मुलांना आणायला आम्ही अगदी टोकाच्या क्षणी पोहोचलो. फाटकातल्या बाईंनी घड्याळ पाहिलं. परतीच्या वाटेवर मागे बारा मुलं एकाच वेळी बोलत होती, आणि प्रज्ञा सिग्नलला थांबली की घड्याळ पाहत होती.

मी पेटून उठलो. संध्याकाळी बसून शनिवारची नोटीस लिहिली, कारण कमिटीला ती लिफ्टपाशी लावायला हवी होती. मी ती मन लावून लिहिली. शनिवार, सायंकाळी सात ते दहा या वेळेत इमारतीच्या वीजपुरवठ्यामध्ये मोटारीच्या बॅटरीद्वारे साहाय्य देण्याचा प्रयोग करण्यात येणार आहे, तरी सर्व सभासदांनी सहकार्य करावे. खाली दोन परिच्छेद कोळशावर.

"लांब झालीय," ताई म्हणाली.

"लोकांना समजलं पाहिजे."

देवधरांनी शिक्का मारला. त्यांना ती आवडली, हेच मला तेव्हा खटकायला हवं होतं.

शनिवार: तळमजला

त्या दिवशी गाडीला आत यायची परवानगी मिळाली. मी ती धुतली. चार वाजता कंपनीचा अभियंता आला, शांत मुलगा, हातात लॅपटॉप. देवधर इस्त्रीचा शर्ट घालून नारळ घेऊन आले. आम्ही केबल लावून पाहिली, दिवे हिरवे झाले. सातची वाट पाहायची होती.

पाच-साडेपाचच्या सुमाराला बिल्डिंगमधून आवाज यायला लागले. आधी एक वॉशिंग मशीन, मग तीन, मग मोजता येईनात. मिक्सर. चकलीची भाजणी दळण्याची घरगुती चक्की. पाण्याच्या टाकीचा पंप सुरू झाला, तो वॉचमनने लवकर लावला होता. खिडक्यांतून इस्त्रीचा गरम वास खाली येत होता. दिवाळीची तयारी जोरात दिसतेय, असं मी अभियंत्याला म्हणालो. मला प्रसन्न वाटत होतं. उंबरठ्यावर रांगोळी घातल्यासारखं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

चौथ्या मजल्यावरचे सामंत दोन बादल्या घेऊन उतरले. "पंप लावलो काय रे? टाकी भरान घेऊक होई."

"का हो?"

"सात ते दहा लाइट जातली ना. नोटीस लावलीसा तुम्ही."

मी लिफ्टपाशी धावलो. नोटीस तिथेच होती, माझ्याच शब्दांत, त्यावर गोल शिक्का. मला उपनगरात राहून पन्नास वर्षं झाली. मला माहीत असायला हवं होतं. आपल्याकडे ज्या कागदावर वीजपुरवठा हा शब्द, घड्याळाच्या दोन वेळा, आणि सहकार्य करावे एवढं असतं, तो कागद माणूस पूर्ण वाचत नाही. तो घरी जाऊन टाकी भरतो, कपडे धुतो, इस्त्री करतो, वाटण वाटून घेतो, फोन चार्जिंगला लावतो, आणि एसी अठरावर ठेवून खोली आधीच गार करून घेतो. अख्ख्या बिल्डिंगने सात वाजायच्या आत तीन तासांची वीज ओढून घ्यायला घेतली होती. दिवाळीच्या पडद्यांसकट.

मी जिन्याने वर पळालो. पहिल्या मजल्यावर बेल वाजवली, "लाइट जाणार नाहीये, मशीन बंद करा." बाई म्हणाल्या, "झालंच, एक धुणं राहिलंय." दुसऱ्या मजल्यावर बेल वाजलीच नाही. बटण दाबलं होतं, आवाज आला नव्हता. खालून मीटररूममधून आधी एक दणका आणि मग जळक्या रबराचा वास आला. त्यानंतर सगळी यंत्रं एकदम थांबली, आणि बिल्डिंगमधून एक समाधानाचा स्वर उठला: गेली. सातच्या आत गेली. ज्यांनी टाक्या भरल्या होत्या ते जिंकले होते.

मीटररूमची मुख्य केबल जळाली होती. जुनी होती, भार सहन झाला नाही. कंपनीची माणसं बोलावली, ती वाटेत होती, म्हणजे सध्या कुठे आहेत हे सांगता येत नव्हतं.

आता लोक एकेक करून पार्किंगमध्ये उतरू लागले. वर गरम होत होतं, आणि खाली माझी गाडी होती, हिरवे दिवे गेलेली.

"आता तरी सुरू करा की," देवधर म्हणाले. त्यांच्या हातात अजून नारळ होता.

"आता नाही करता येत," मी म्हणालो.

"म्हणजे?"

मी समजावलं. बाहेरची वीज गेली की हा चार्जर स्वतःहून बंद होतो. नाहीतर रस्त्यावर केबल दुरुस्त करणाऱ्या माणसाला आपल्या गाडीच्या विजेचा झटका बसेल. त्याच्या जिवासाठीच ती सोय आहे.

देवधरांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. "म्हणजे वीज असेल तेव्हा तुमची गाडी वीज देते. नसेल तेव्हा देत नाही."

"हो. पण त्यामागे..."

"बरं बरं," ते म्हणाले आणि नारळ वॉचमनच्या टेबलावर ठेवला.

सामंत बादल्या खाली ठेवून जवळ आले. "तुझी गाडी वीज देतली म्हणान सांगलंस ना? मगे दी."

ताई खांबाला टेकून माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्यामागे प्रज्ञा उभी होती. प्रज्ञा मात्र चार्जरवरच्या माळेकडे पाहत होती.

गाडीला आणखी एक साधं सॉकेटही आहे. डोंगरात तंबू ठोकून चहा करणाऱ्यांसाठी. मी ते आजवर वापरलं नव्हतं, कारण चैनीसाठी बॅटरी रिकामी करणं मला बरं वाटत नव्हतं. शिवाय प्रयोगाच्या अटीत गाडी भरलेली हवी असं होतं. मी अभियंत्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "सर, आज तसंही काही होत नाही." मी सॉकेट उघडलं आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड मागवला. एकाऐवजी नऊ आले.

त्यानंतर दोन-तीन तास मी त्या सॉकेटपाशी उभा होतो. फोन, राउटर, कुणाचं तरी सर्दीसाठी वाफ घ्यायचं यंत्र, एक टेबलपंखा जो फक्त देवधरांच्या दिशेला फिरत होता. पहिल्या मजल्यावरून इस्त्री आली आणि सगळं बंद पडलं. इस्त्री परत पाठवली, पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या मजल्याची इस्त्री आली.

"इस्त्री नाही चालणार," मी ओरडलो.

"त्यांची चालली की."

"त्यांची नाही चालली, म्हणून तर अंधार झाला होता."

"मग आता एकदा आमची बघा ना."

फ्लॅट नंबरप्रमाणे रांग लावा असं मी म्हणालो, तर वरच्या मजल्यावरचे म्हणाले की सगळं नेहमी खालूनच का सुरू होतं. उलट्या क्रमाने लावू, म्हणालो, तर इंगळ्यांचा नंबर शेवटी जातो. प्रज्ञा म्हणाली, "दादा, मला काहीच लावायचं नाहीये." हे ऐकून मला जास्तच वाईट वाटलं. शहरासाठी आणलेली माझी वीज अशी गेली: भाजणीचं एक दळण, एक टेबलपंखा, आणि भांडणं. रात्रीची जेवणं झाल्यावर कंपनीच्या माणसांनी तात्पुरती केबल टाकली. जाताना त्यांनी बजावलं, नवी केबल पडेपर्यंत चार्जर सुरू करायचा नाही. सोमवारी बघू.

"म्हणजे उद्याही प्रयोग नाही?" मी अभियंत्याला विचारलं.

"सर, उद्या मीटिंग आहे ना," तो म्हणाला. त्याने लॅपटॉप बॅगेत घातला. "चार्जर राहिला तर पुढचं."

रविवार: लाल खुर्च्या

मीटिंग पार्किंगमध्येच, भाड्याच्या लाल खुर्च्यांवर. प्रज्ञा विहारातून थेट आली होती, पांढऱ्या साडीत, आणि मागच्या रांगेत बसली. ताई सेक्रेटरी म्हणून टेबलामागे, मी तिच्या शेजारी आरोपी म्हणून. अभियंता रविवार असूनही आला होता.

मला वाटलं होतं केबलबद्दल विचारतील. त्यावर मी रात्रभर माफीचे शब्द जुळवले होते. केबलबद्दल कुणी बोललं नाही. उलट जुनी केबल बदलली जातेय याचंच समाधान होतं. देवधर उठले आणि म्हणाले, "माझा एकच प्रश्न आहे. गाडीतली वीज तारांत सोडली, की ती जाते कुठे?"

"ग्रिडमध्ये," मी म्हणालो. "म्हणजे शहराच्या सगळ्या तारांचं जे जाळं आहे, त्यात."

"म्हणजे समोरच्या टॉवरमध्येही जाऊ शकते."

खुर्च्या सरकल्या. मला कळायला जरा वेळ लागला, की ही धोक्याची जागा आहे.

"त्यांनी आमचा वारा अडवला," मागून कुणीतरी म्हणालं. "आता आम्ही त्यांचे एसी चालवायचे?"

"त्या टॉवराक एक युनिट जाऊक नये," सामंत म्हणाले.

"तेच," देवधर म्हणाले. "आपला पार्किंगचा कोपरा, आपली मीटररूम, आणि वीज गेटबाहेर? जात असेल तर डबा नको. जात नसेल तर आमची हरकत नाही. अवि साने, स्पष्ट सांगा. हो की नाही?"

मी उभा राहिलो. चार दिवस, खरं म्हणजे वर्षभर, मी हेच सांगत फिरलो होतो की वीज सगळ्या शहराची आहे, आपण ती द्यावी. माझ्या मनात त्या क्षणी एक छोटंसं भाषण तयार होतं, शेजारधर्मावरचं, टॉवरवाल्यांनाही उकडतं यावरचं. मागच्या रांगेत प्रज्ञा मांडीवर हात ठेवून बसली होती. भाषण केलं असतं तर तिची बाटली उद्याही कांदिवलीच्या तळघरातच असती.

"देवधर, संध्याकाळी तुमच्या बिल्डिंगमधले एसी चालू असतात?" मी विचारलं.

"असणारच. वारा कुठे ठेवलाय?"

"मग गाडी जेवढी वीज देते, त्याच्या कितीतरी पट तुम्ही ओढता. वीज जवळच्या ओढीकडे आधी जाते. तुमचे एसी चालू आहेत तोवर गाडीतलं एक युनिटही गेटबाहेर जाणार नाही. सगळं इथेच संपेल."

मी अभियंत्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली, कारण ते खरं होतं. अगदी खरं होतं.

"मग कंपनीला काय मिळतं?" पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं.

त्याचं उत्तर सोपं आहे: इथे बाहेरून कमी ओढलं की तेवढं बाहेर उरतं. ते टॉवरला मिळतं, कांदिवलीला मिळतं, कुणालाही. सगळ्या प्रयोगाचा अर्थ तेवढाच आहे. मी प्रामाणिक माणूस आहे, निदान तसं मला वाटतं, म्हणून मी तोंड उघडलं. "असं बघा, त्यामुळे बाहेर..."

टेबलाखाली ताईची चप्पल माझ्या पायावर पडली. "अवि, खाली बस. चहा आलाय."

मी बसलो.

ठराव मंजूर झाला. ताईने इतिवृत्तात लिहिलं, की सदर यंत्राद्वारे इमारतीची वीज आवाराबाहेर जाणार नसल्याची खात्री करून घेण्यात आली, आणि साध्या केबलवर सभासदांनी आपली वाहने भरावीत. हात सगळ्यांनी वर केले. सामंतांनी दोन्ही.

मी सांगितलं त्यात एक शब्द खोटा नव्हता, आणि तरी गावी देवळातून दुसऱ्याच्या चपला घालून आल्यासारखं मला वाटत होतं. वर्षभर माणसांच्या चांगुलपणाला हात घालत होतो, एक हात वर झाला नाही. टॉवरचा राग दोन वाक्यांत कामाला लावला आणि सगळे उभे राहिले. ताईला मी हे जेवताना बोलून दाखवलं. ती म्हणाली, "तुला प्रज्ञाचं काम करायचं होतं की कीर्तन?" आणि पानात आणखी भात वाढला.

निघताना हिशेब केला. चार दिवस मी बोरिवलीत होतो, आणि माझ्या गाडीने ग्रिडला काहीही दिलं नाही. माझी सुट्टी संपली होती, नवी केबल सोमवारी पडणार होती. या सगळ्या खटाटोपातून त्या चार्जरवर आता एकच गाडी लागणार होती, आणि ती वीज देणारी नव्हती, घेणारी होती. प्रज्ञा शाळेनंतर क्लासची मुलं पोहोचवून संध्याकाळी सातला घरी येते. म्हणजे ती नेमकी सात वाजता, सगळं शहर ओढतं तेव्हाच, व्हॅन लावणार. हे लक्षात आलं तेव्हा मी गाडीत बसलो होतो. पुन्हा उतरलो.

ती चार्जरवरची सुकलेली माळ काढत होती.

"प्रज्ञा, एक विनंती आहे. व्हॅन सातला लावू नकोस. दहानंतर लाव ना."

"दहाला मी झोपते, दादा. पहाटे साडेपाचला उठायचं असतं. परत खाली कोण येणार?"

"तू लाव सातलाच. यंत्राला फोनवरून सांगून ठेवता येतं, दहाला सुरू हो म्हणून. रात्रीतून भरेल. मी आत्ता लावून देतो."

"त्याने काय होतं?"

मी सांगितलं. थोडक्यात, या वेळी. भट्टी नाही, कोळसा नाही. गर्दीच्या वेळी तू बाजूला थांबलीस तर दुसऱ्या कुणाला जागा होते, एवढंच.

तिने माळ वॉचमनच्या बादलीत टाकली आणि हात झटकले. "टॉवरवाल्यांना?"

"त्यांनाही."

"चालेल. मला त्यांच्याशी काही घेणंदेणं नाही." मग तिने बोट दाखवलं, माझ्या नाकाच्या दिशेने. "पण हे यंत्र दहाला सुरू झालं नाही आणि सकाळी व्हॅन रिकामी मिळाली, तर मी बारा मुलं फाटकात ठेवून आधी मुलुंडला येईन तुम्हाला उठवायला. पत्ता घेते मी ताईकडून."

मी दहाची वेळ लावून दिली, दोनदा तपासली आणि निघालो.

मंगळवारपासून ती व्हॅन तिथे भरते आहे. ताई म्हणते, एकदाही चुकली नाही, तू निवांत झोप. पण रोज पहाटे साडेपाचला मला मुलुंडला आपोआप जाग येते, आणि दाराची बेल वाजत नाही याची खात्री होईपर्यंत मी अंथरुणात बसून राहतो.